आर्किटेक्चरला पोरांना घालताय? जरा प्लॉटरवाल्याचंही ऐका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत आर्किटेक्चरवर जवळजवळ पानभर आलं होतं ते वाचलं. नाटा ही प्रवेश परीक्षा कशी असते, फॉर्म कसा भरायचा, पुढे स्कोप काय, परदेशात काय, सगळं व्यवस्थित दिलंय. पण मधली पाच वर्षं पोरं नेमकी करतात काय याच्यावर दोन ओळी, आणि त्या पण क्रिएटिव्ह मुलांसाठी छान फिल्ड आहे अशा टाइपच्या. आता अ‍ॅडमिशनचा सीझन येईल, लोक ती पुरवणी कापून ठेवतील, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी आर्किटेक्ट नाही आणि मास्तर पण नाही. नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि प्लॉटिंगचं दुकान आहे, प्लॉटर म्हणजे तो मोठा प्रिंटर ज्याच्यावर बिल्डिंगचे नकाशे निघतात. शहरातल्या आर्किटेक्चर कॉलेजांची पोरं वर्षानुवर्षं माझ्याकडे येतायत, सबमिशनच्या आठवड्यात दुकान रात्रभर उघडं असतं, आणि काउंटरच्या या बाजूनं जे दिसतं ते कॉलेजातल्या मोठ्या लोकांना दिसत नसेल कारण ते तेव्हा झोपलेले असतात. आणि हे पण आधीच सांगून टाकतो की या सगळ्यात माझा फायदाच आहे, पोरं जितकं काम शेवटच्या रात्रीवर ढकलतील तितका माझा गल्ला भरतो, म्हणजे हे पत्र धंद्याच्या विरुद्धच आहे, घरी वाचलं तर मंडळी विचारतील डोकं ठिकाणावर आहे का.

पालकांचं बघा. दुकानात आलेले पालक हमखास म्हणतात आमच्या मुलीची चित्रकला फार छान, एलिमेंटरी इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, म्हणून आर्किटेक्चरला टाकलं. अहो नाटामध्ये ड्रॉइंग असतं हे खरंय, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर २००६ पासून ती परीक्षा घेतेय, पण एकदा आत गेल्यावर चित्रकला हा त्यातला लहानसा भाग. पाच वर्षं, दहा सेमिस्टर, आणि त्यात डिझाईन तर आहेच पण बिल्डिंग कन्स्ट्रक्शन आहे, म्हणजे पाया कसा भरायचा इथपासून दरवाजाच्या चौकटीला बिजागरी कुठे येते इथपर्यंत हातानं काढायचं, स्ट्रक्चरची गणितं आहेत, बीम किती वाकेल ते काढा, मग प्लंबिंग, लाइट, ऊन-वारा कुठून येतो तो सगळा क्लायमेटचा विषय, ग्रीक-रोमनपासून आपल्या लेण्यांपर्यंतचा इतिहास, टाऊन प्लॅनिंग, एस्टिमेट, आणि शेवटी शेवटी टेंडर आणि करार. परत एक अख्खी सेमिस्टर कुणाच्या तरी ऑफिसात काम करायचं. गणित नको म्हणून आर्किटेक्चर घेतलं असं म्हणणारी पोरगी पहिल्या वर्षी माझ्या दुकानात स्ट्रक्चरच्या नोट्स झेरॉक्स करताना रडायच्या बेतात असते.

बरं विषय जास्त आहेत हे पण एवढं मोठं दुखणं नाही, मेडिकलला कमी असतात का. दुखणं डिझाईनच्या विषयात आहे. समजा सरांनी सांगितलं म्हसरूळला अमुक एवढा प्लॉट आहे, त्याच्यावर प्राथमिक शाळा करा. आता याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही. पोरगं काहीतरी काढून नेतं, सर बघतात, म्हणतात वर्ग पश्चिमेला कशाला ठेवलेस, दुपारी पोरं भाजतील, परत कर. परत करून नेतं, तर म्हणतात आता वर्ग बरे आहेत पण मैदान कोपऱ्यात गेलं. परत. असं आठवड्याला दोनदा तीनदा, पूर्ण टर्मभर. शिकायची हीच पद्धत आहे आणि मला तर ती आवडते, आमच्या वेळी कुठल्या मास्तरनं आमच्या एकेका चुकीवर असा वेळ घातला होता? पण इंजिनिअरिंगच्या पोराचं गणित सुटलं की तो वही मिटतो, याला मिटताच येत नाही. उत्तर बरोबर आलं असं कधी होतच नाही, फक्त आणखी बरं होऊ शकतं, आणि आणखी बरं करायला रात्र कितीही मोठी असली तरी पुरत नाही. कुणीतरी बास म्हणायला पाहिजे, ते कुणी म्हणत नाही, मग बास कोण म्हणतं तर सबमिशनची तारीख म्हणते.

माझ्याकडे एक वयस्कर आर्किटेक्ट साहेब येतात, ते सांगत होते की हे फार जुनं आहे, एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कला-आर्किटेक्चरच्या कॉलेजात मुदत संपली की ड्रॉइंग गोळा करायला हातगाडी फिरायची आणि पोरं त्या गाडीवर चढून जाता जाता उरलेलं पूर्ण करायची. साहेबांना ते सांगताना जरा अभिमानच वाटत होता असं मला दिसलं. म्हणजे आम्ही पण जागलो, तुम्ही पण जागा.

आता ती रात्र कशी असते ते सांगतो. अकरापर्यंत शांत असतं, एखाद-दुसरा. बारानंतर एकदम लोंढा. पेनड्राइव्ह, लॅपटॉप, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल, मेलवर फाइल, आणि प्रत्येकाची घाई दुसऱ्यापेक्षा जास्त. निम्म्यांनी पीडीएफ करून आणलेलं नसतं, ऑटोकॅडची फाइलच आणतात, ती पण माझ्या व्हर्जनला उघडत नाही. उघडली तर लाइनच्या जाडीची सेटिंगवाली फाइल घरी राहिलेली, त्यामुळे भिंत, फर्निचर आणि बाहेरचं गवत सगळं एकाच जाडीचं निघतं, आणि ते तसं नेलं तर ज्युरीवाले, म्हणजे काम बघून तोंडी विचारून मार्क देणारे परीक्षक, बघत पण नाहीत. मग तिथेच खाली बसून दुरुस्ती. कुणाचं रेंडर अजून घरी शिजतंय, म्हणजे कॉम्प्युटर तो थ्रीडी फोटो तयार करतोय आणि मित्र घरी बसून पहारा देतोय की हँग होतंय का. मागच्या टेबलावर एक ग्रुप माउंटबोर्ड कापत असतो कारण हॉस्टेलच्या रूममध्ये जागा नाही. काउंटरखाली मी चिकटपट्ट्यांचा डबाच ठेवलाय, कटर लागल्याशिवाय एक सबमिशन जात नाही, आणि झोपेत कटर चालवला की बोटाला लागणारच. फेविक्विकनं चिकटलेली बोटं सोडवायला नेलपॉलिश रिमूव्हर पण ठेवतो, बायकोचा.

आणि पैसे. ए-वन साइजचा एक कलर प्लॉट म्हणजे दोन बाय पावणेतीन फुटांचा कागद, शंभराच्या पुढेच जातो, शाई जास्त असेल तर अजून. एका ज्युरीला सात-आठ शीट, कधी बारा. त्यात एकात स्पेलिंग चुकलं, नॉर्थचा बाण उलटा आला, की परत. मॉडेलला सनबोर्ड, बाल्साची लाकडं, एमडीएफवर लेझर कटिंग करून आणलं तर ते वेगळं. तुमच्या पुरवणीत फी दिलीय, हे नाही दिलं. दमदार लॅपटॉप पण दिला नाही, आणि साध्या लॅपटॉपवर ती थ्रीडीची सॉफ्टवेअर चालत नाहीत हे बापाला तिसऱ्या सेमिस्टरला कळतं. माझ्याकडे उधारीची वही आहे, तिच्यात सगळ्यात जास्त नावं आर्किटेक्चरच्या पोरांची, अर्थात बहुतेक सगळे देतात, एकानं तर नोकरी लागल्यावर येऊन दिले.

पोरांची बाजू घेतोय म्हणून ती साधी-भोळी आहेत असं नाही हां. दोन महिने टपरीवर बसायचं, नुसती कॉन्सेप्टची चर्चा, प्लॅन बदलायचा परत बदलायचा, आणि शेवटच्या चार रात्रीत जगबुडी आल्यासारखं करायचं हे पण मी बघतो. नाईट मारली हे सांगताना छाती फुगवतात. कोण किती रात्री झोपला नाही याची पोरांमध्ये शर्यतच लागते, झोपून आलेल्याला बाकीचे असं बघतात की यानं काही केलंच नसणार. पण तरी मी म्हणेन की ही सवय त्यांनी स्वतः शोधलेली नाही, ती त्यांना लावलीय. कारण कसं होतं, डिझाईनचं सबमिशन, कन्स्ट्रक्शनच्या शीट, स्ट्रक्चरची जर्नल, हिस्टरीच्या स्केचबुक्स हे सगळं टर्मच्या शेवटच्या त्याच दहा-बारा दिवसांत, कारण मग युनिव्हर्सिटीची परीक्षा लागते. प्रत्येक सर आपापल्या विषयाची तारीख आपल्या सोयीनं ठरवतात, बरेच सर व्हिजिटिंगवाले, त्यांची स्वतःची ऑफिसं आहेत, साइट आहेत, त्यांना दुसऱ्या सरांची तारीख माहीत पण नसते. मला माहीत असते! माझ्या काउंटरवर पोरांनी सांगितलेल्या तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो, शाई आणि कागद मागवायला लागतो म्हणून. म्हणजे शहरातल्या सगळ्या आर्किटेक्चरच्या पोरांचं एकत्र टाइमटेबल कुणाकडे असेल तर ते एका झेरॉक्सवाल्याकडे, हे काही भूषणावह नाही.

त्यात परत ज्युरीच्या आदल्या आठवड्यात सरांनी अख्खा प्लॅन फिरवायला लावायचा. परवा असंच एक जण आलं, त्याची वर्कशॉपची बिल्डिंग होती, सगळ्या शीट तयार, आणि सर म्हणाले एन्ट्री दुसऱ्या रोडनं घे. एन्ट्री फिरवली की प्लॅन फिरला, प्लॅन फिरला की सेक्शन (बिल्डिंग उभी कापून दाखवलेलं ड्रॉइंग), एलिवेशन (बाहेरून दिसणारी बाजू), मॉडेल, थ्रीडी सगळं फिरलं. सर बरोबर असतीलही, नव्हे असतीलच, पण ते महिन्यापूर्वी का नाही दिसलं?

रात्री तीनला पोरी स्कूटीवर निघतात, पाठीला शीटची नळी, पायाशी मॉडेल, आणि गंगापूर रोडला त्या वेळेला गाड्या कशा सुसाट असतात ते नाशिककरांना सांगायला नको. मी शक्यतो म्हणतो इथेच थांबा, उजाडल्यावर जा, माझा पोरगा सोडून येईल. थांबतात काही. डोळे उघडे असतात पण विचारलेलं कळत नाही, सुट्टे पैसे दिले तर हातात धरून तशाच उभ्या. सकाळी दहाला याच पोरींनी चार अनोळखी लोकांसमोर उभं राहून आपली बिल्डिंग समजावून सांगायची आणि त्यावर मार्क. सांगा आता, झोप न झालेला माणूस काय समजावणार.

या पत्राचा लोकांनी असा अर्थ काढू नये की अभ्यास सोपा करा. अजिबात नाही. कष्टाचंच शिक्षण आहे आणि असायला पाहिजे, उद्या यांनी काढलेल्या बिल्डिंगमध्ये आपण राहणार. पण कष्टाकष्टात फरक असतो, आणि तो मला प्रिंट काढताना दिसतो.

उदाहरण देतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना जुन्या नाशकातले वाडे मोजायला पाठवतात. मेजर्ड ड्रॉइंग म्हणतात. भद्रकाली, तिवंधा, सराफ बाजार, पंचवटीतल्या गल्ल्या, टेप घेऊन, ओळंबा घेऊन आठवडाभर पोरं तिथे धुळीत. आधी तर मालक आत घेत नाही, त्याला वाटतं महापालिकेकडून आले, नाहीतर भाडेकरूनं पाठवले. मग एखादी आजी चहा करते आणि दार उघडतं. मग पोरं माळ्यावर चढतात, कडीपाट कसा बसवलाय बघतात, तुळईला खिळा न मारता खाचेत कसं अडकवलंय, चौकातलं पावसाचं पाणी कुठून जातं, जोत्याचा दगड किती, वर वीट कुठून सुरू, भिंतीतलं बळद, देवघराचा कोनाडा, सगळं इंच-इंच मोजून पन्नासास एक स्केलला काढतात. ते शीट माझ्याकडे स्कॅनला किंवा प्रिंटला येतात तेव्हा मी गिऱ्हाईक थांबवून बघत बसतो. मी इथेच वाढलो, माझ्या मामाचा वाडा असाच होता, आणि त्याचा जिना असा का होता ते मला एका वीस वर्षांच्या पोरीनं काढलेल्या सेक्शनवरून कळलं. याच कामासाठी पोरं घसघशीत रात्री घालवतात आणि एक जण कुरकुर करत नाही. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची जी देशभराची संघटना आहे नासा, १९५७ पासूनची, तिच्यात जुन्या वास्तूंच्या अशा डॉक्युमेंटेशनसाठी लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टच्या नावाची ट्रॉफी असते, त्या सीझनला तर पोरं वाड्यातच मुक्कामाला असल्यासारखी.

तसंच पहिल्या वर्षाची पोरं पांडवलेणीला जातात, अठरा नंबरच्या चैत्यगृहासमोर बसून खांब काढतात, ऊन लागतं, पाय दुखतात, पण हात बसतो. हे कष्ट मान्य.

आणि गोदाघाट. शेवटच्या वर्षाच्या थिसीसला निम्मी पोरं गोदाघाटच घेतात की काय असं मला वाटतं, आता २०२७ चा सिंहस्थ म्हटल्यावर तर विचारूच नका, कुणाचं यात्री निवास, कुणाचं घाटाचं पुनरुज्जीवन, कुणाचं अन्नछत्र. मधे एक मुलगा सेक्शन घेऊन आला, नदीपासून वर रस्त्यापर्यंत. त्यात त्यानं निळी पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची, दोन्ही काढल्या होत्याच, पण शेजारी घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती काढून पाणी गुडघ्याला आलं की काय बुडतं, छातीला आलं की काय बुडतं, ते दाखवलं होतं. आपण सगळे नाशिककर पूर असाच मोजतो ना, मारुतीच्या कुठपर्यंत आलं. त्याची बिल्डिंग चांगली होती का मला माहीत नाही, पण ते शीट बघून कळलं की पोरगं नदीपाशी जाऊन बसलंय, लोकांशी बोललंय.

आता दुसऱ्या जातीचे कष्ट. त्याच मुलाला त्याच रात्री प्रत्येक शीटला एकसारखी बॉर्डर, आकाशात ढग, रेंडरमध्ये परदेशी माणसं फिरतायत, झाडं युरोपातली, पाणी निळंशार, गोदावरीचं पाणी निळं मी तरी बघितलं नाही. याच्यात तीन रात्री जातात. शिकायला काय मिळतं? सॉफ्टवेअरचं बटण. पण एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, लांबून बघतात तेव्हा हेच आधी दिसतं, आणि पोरांना ते पक्कं कळलंय, म्हणून डोकं लावायच्या कामाचा वेळ कापून सजावटीला देतात.

लॉकडाऊनमध्ये माझं दुकान बंद होतं. पोरांनी घरून स्क्रीनवर ज्युऱ्या दिल्या, एक कागद छापला नाही, पास झाली, त्यातली काही आज ऑफिसं चालवतायत. मग आता टर्ममधल्या छोट्या छोट्या ज्युऱ्यांना पण कलर प्लॉट कशाला लागतात? फायनलला घ्या ना, मोठ्या कागदावर लाइन कशी दिसते हे कळायलाच पाहिजे, पण मधल्या तीन वेळा पेन्सिलचं ड्रॉइंग, नाहीतर प्रोजेक्टर. (माझा सेल किती पडेल ते मी बघून घेतो.)

अजून एक, हे फारसं कुणी बोलत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवल्याकडून येणारी मराठी मीडियमची पोरं या कोर्सला आता बरीच असतात. डिझाईनमध्ये कमी नसतात. एकानं द्राक्षाचं पॅकहाउस केलं होतं, माझ्या काउंटरवर त्यानं मला सगळं समजावलं, माल कुठून उतरणार, आधी प्री-कूलिंगला का जाणार, मग कोल्ड स्टोरेज, बायका पॅकिंगला बसणार तिथे उजेड कसा पाहिजे, त्यांची लहान पोरं कुठे खेळणार, कंटेनर रिव्हर्स घ्यायला किती जागा. ऐकत राहावं असं. दुसऱ्या दिवशी ज्युरीत इंग्लिशमध्ये कॉन्सेप्ट विचारला आणि गडी गप्प. दोन-चार तुटक वाक्यं बोलला, खाली बसला, मार्क पण तसेच. अरे, उद्या साइटवर तो ज्या मिस्त्रीशी, सेंट्रिंगवाल्याशी, गिलावा करणाऱ्याशी बोलणार तो काय इंग्लिश बोलणारे का? शीटवर लिहायचं ते इंग्लिशमध्ये लिहू दे, पुढे नोकरीला लागतं, कबूल. पण तोंडी समजावताना मराठीत बोललं तर ज्युरीचं काय जातं? नाशिकमधली ज्युरी आहे, समोर बसलेले बहुतेक सगळे मराठीच.

पुढे काय होतं त्याच्यावर जास्त लिहीत नाही, पुरवणीत स्कोप दिलाच आहे. एवढंच सांगतो की माझ्याकडे ऑफिसांमधून प्रिंट घ्यायला येणारी इंटर्न पोरं, त्यांचा स्टायपेंड पेट्रोल आणि डब्यातच जातो, आणि पाच वर्षं झाल्यावर पण पहिली एक-दोन वर्षं पगार सांगायला लाजतात. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली रजिस्ट्रेशन केल्याशिवाय आर्किटेक्ट असं लावता येत नाही, पण सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं की कायद्यानं फक्त ते नाव राखीव आहे, काम नाही, म्हणजे बिल्डिंगचं डिझाईन दुसऱ्या कुणी केलं तर त्याला या कायद्यानं अडवता येत नाही. घर बांधणाऱ्या आपल्या लोकांना फरक माहीतच नाही, ते नकाशा पास करून देणारा माणूस शोधतात. मुलगी पाच वर्षं एवढं करून येते तेव्हा तिच्या बापाला हे आधी माहीत असलेलं बरं. तरीसुद्धा जिला आवडतं तिनं जावं, खुशाल जावं, माझी पुतणी जायचं म्हणतेय आणि मी नाही म्हटलेलं नाही. तिला एवढंच सांगितलं की आधी एक दिवस सबमिशनच्या वेळी दुकानात येऊन बस.

कॉलेजांना हात जोडून सांगणं असं की टर्म सुरू होतानाच सगळ्या विषयांच्या सरांनी एकत्र बसून तारखा ठरवा, एका आठवड्यात एकच मोठं सबमिशन. आणि डिझाईनला एक तारीख अशी ठेवा की त्यानंतर प्लॅन बदलायचा नाही, सरांनी पण नाही आणि पोरानं पण नाही, त्यानंतर फक्त जे आहे ते नीट काढायचं. माझा एक जुना गिऱ्हाईक आता अमेरिकेत शिकतोय, त्यानं सांगितलं की तिकडच्या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या संघटनेनं २००२ मध्ये स्टुडिओतल्या, म्हणजे डिझाईनच्या वर्गातल्या, या वातावरणावर रिपोर्टच काढला होता, त्यानंतर कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं स्टुडिओचं कल्चर कसं असेल याचं लेखी धोरण प्रत्येकाला करायला लावलं. आपल्याकडे एवढं नको, भिंतीवर एक कॅलेंडर लावलं तरी पुष्कळ.

आणि त्या वाड्यांच्या शीटचं काहीतरी करा. दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, दर पावसाळ्यात एखादा तरी पडतो, आणि त्या वाड्याचं इंच-इंच मोजलेलं ड्रॉइंग कॉलेजच्या कुठल्या तरी कपाटावर गुंडाळी होऊन पडलेलं असतं, काही वर्षांनी जागा नाही म्हणून रद्दीत. माझ्याच एका गिऱ्हाइकाची शीट मी रद्दीवाल्याकडून परत घेतलीय, सराफ बाजारातल्या एका वाड्याची होती, तो वाडा आता नाही, तिथे पार्किंग आहे. माझ्याकडे ए-झिरोपर्यंत चालणारा स्कॅनर आहे, सबमिशनचे आठवडे सोडले तर दुपारी रिकामाच असतो. कुठल्याही कॉलेजनं जुन्या मेजर्ड ड्रॉइंगचे गठ्ठे आणावेत, सोबत दोन पोरं द्यावीत कागद सरळ करायला, मी स्कॅनिंगचा एक रुपया घेणार नाही. फाइली एक कॉपी कॉलेजला, एक सार्वजनिक वाचनालयाला द्यावी असं मला वाटतं, पण ते काय ते कॉलेजवाल्यांनी ठरवावं. सोमवार सोडून कधीही या.

आपला,
एक प्लॉटरवाला,
कॉलेज रोड परिसर, नाशिक

(नाव छापू नये ही विनंती, गिऱ्हाइकं सगळ्या कॉलेजांची आहेत.)